वाघोकडाचे रंग

वाघोकड नावाचा प्राणी या भूतलावर कोठेही नाही. वाघाचे अंग, बोकडाची शिंगे आणि मोराच्या पिसाऱ्याची आठवण करून देणारे शेपूट अशी त्याची ठेवण. आणि त्याचा जन्म झाला तो तलासरी तालुक्यातील झरी या गावी, गेरूने सारवलेल्या एका भिंतीवर. जन्मदाते म्हणजे आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला येणारी नववीची अकरा मुले-मुली. वाचकांतील जाणत्यांनी झरीचे नाव ऐकले असेल ते १९४५ सालच्या मे महिन्यात तेथे भरलेल्या वारल्यांच्या परिषदेमुळे. यापुढे वेठबिगार करणार नाही, अशी शपथ हजारो आदिवासींनी तेथे घेतली. त्या थोर घटनेपुढे आमचा विषय अगदीच किरकोळ आहे: नसलेल्या प्राण्याच्या अंगावरील केसांचा रंग. परंतु या किरकोळ विषयाने गेल्या वर्षभरात आम्हाला एवढे फिरवून आणले आहे की, तो वाचकांपुढे मांडल्यावाचून राहवत नाही.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा आहे. त्यात मेंडेल येतो, वाटाणे येतात, उंच झाड आणि बुटके झाड येते. झरीच्या मुलांना वाटाणा ठाऊक आहे तो बाजारातला सुका, उसळीचा. त्याचा वेल त्यांच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. शेळ्या मात्र घरोघरी आहेत. ‘फादर, हे झाडाचंच असतं की शेळीचंही?’ असे एकाने विचारले आणि शेळीचेही असते म्हटल्यावर प्रश्नांची रांग लागली. तांबड्या शेळीला तांबड्या बोकडापासून काळे करडू का झाले? आमची कपाळावर चांदी असलेली गाय, तिच्या वासराला चांदी का नाही? यात एक अडचण होती, ती ग्रामीण भागात राहिलेल्यांना चटकन समजेल. करडाच्या रंगावरून बोकड कोणाचा हा वाद निघतो, आणि त्या वादाला पाड्यात फार लांब शेपूट असते. म्हणून कोणाच्याच मालकीचा नसलेला प्राणी निर्माण करावा असे ठरले. वाघबारशीला वाघदेवाला पुजणाऱ्यांच्या घरातली ही मुले. वाघ येणार हे उघडच होते. बोकड कोणी सुचविला ते आठवत नाही.

पहिले संकट रंगांचे आले. वारली चित्रात रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. गेरूची तांबडी भिंत ही त्याची पाठ. या एका रंगात निरनिराळ्या रंगांचे वाघोकड दाखवायचे कसे? मुलांनी ते आम्हाला न विचारता सोडविले. अंगात उभ्या-आडव्या रेघांचे जाळे भरले तो काळा, नुसते ठिपके भरले तो तांबडा, सबंध पिठाने भरला तो पांढरा, आणि मधे भिंत तशीच उघडी सोडली तो बांडा. एकाला हिरवा वाघोकड हवा होता. त्याला नकार द्यावा लागला, पण नकाराचे कारण इतके सुंदर आहे की ते येथे सांगतो.

सस्तन प्राण्यांच्या केसांत रंगद्रव्ये दोनच असतात. एक काळे-तपकिरी, दुसरे तांबूस-पिवळे. वाघ, बैल, घोडा, मांजर, उंदीर, मनुष्य, सर्वांचा संसार या दोन डब्यांवर चालतो. त्यांचे प्रमाण, त्यांची मांडणी आणि ती केव्हा चालू व केव्हा बंद व्हायची याचे हिशेब, एवढ्यावर ही सारी विविधता उभी आहे. रानउंदराचा करडा रंग म्हणजे प्रत्येक केसावर आळीपाळीने उमटलेले काळे व पिवळे पट्टे होत. पांढरा हा तिसरा डबा नव्हे. तेथे रंग पोचला नाही इतकेच. हिरव्याचा डबा सस्तन प्राण्यांच्या घरात नाहीच. दक्षिण अमेरिकेतील स्लॉथ हिरवट दिसतो तो त्याच्या केसांत वाढणाऱ्या शेवाळामुळे, आणि मोराची निळाई-हिरवाई ही पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाशाने केलेली करामत आहे. हिरव्याचा हट्ट धरणारा मुलगा यावर खूश झाला आणि त्याने आपला वाघोकड पावसाळाभर झाडावर ठेवावा, म्हणजे शेवाळ धरेल, अशी तोड सुचविली.

बांडेपणाचेही असेच आहे. आमच्या सह्याद्रीच्या पट्ट्यात, अकोले-इगतपुरीपासून डांगपर्यंत, डांगी जातीची गुरे आहेत. मुसळधार पावसातही ती काम करतात; त्यांच्या कातडीला तेलकट स्राव सुटतो. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे डाग हे त्यांचे रूप, आणि डागांच्या कमीअधिक प्रमाणावरून पाळणाऱ्यांनी त्यांना पारा, मनेरी, बहाळा अशी निरनिराळी नावे दिली आहेत. हे डाग पडतात कसे? गर्भावस्थेत रंग घडविणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने उगम पावतात आणि तेथून साऱ्या अंगभर प्रवासाला निघतात. वाटेत त्यांची संख्या कमी पडली किंवा उशीर झाला, तर दूरची ठिकाणे कोरी राहतात. पाय, पोट, कपाळ, शेपटीचे टोक. गाईच्या कपाळावरची चांदी, कुत्र्याचे पांढरे मोजे, मांजराची पांढरी छाती ही सारी न पोचलेल्या पाहुण्यांची जागा आहे. १९५९ साली रशियात सैबेरियातील शास्त्रज्ञांनी कोल्ह्यांची केवळ माणसाळूपणावरून निवड करावयास आरंभ केला, तेव्हा काही पिढ्यांतच त्यांच्यांत कपाळावर पांढरा ठिपका असलेली पिल्ले जन्मास येऊ लागली. रंगाकडे कोणी पाहिलेही नव्हते!

आता नियम. प्रत्येक गुणासाठी वाघोकडाजवळ दोन खुणा, एक आईकडून आलेली व एक बापाकडून आलेली. शास्त्रज्ञ त्यांना जनुके म्हणतात. पिल्लाला देताना प्रत्येक जण दोहोंपैकी एकच देतो, आणि कोणती द्यायची ते त्याच्या हातात नसते. यासाठी मुलांनी चिंचोके फोडून आणले. ज्यांनी लहानपणी चिंचोक्यांचे फासे टाकून खेळ खेळला आहे त्यांना सांगावयास नको की, फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी व दुसरी काळपट असते. पांढरी पडली तर पहिली खूण, काळी पडली तर दुसरी. काळा रंग तांबड्यावर प्रभावी. म्हणजे एक काळी व एक तांबडी खूण असलेला वाघोकड दिसेल काळाच, पण पोटात तांबडा बाळगील. (गाईगुरांत असेच आहे. शेळ्या-मेंढ्यांत मात्र बहुधा काळाच लपून बसतो. पांढऱ्याशुभ्र कळपात एखादे काळे कोकरू निपजते ते यामुळेच, आणि त्या बिचाऱ्यावरून इंग्रजीत कुलबुडव्याला काळी मेंढी म्हणू लागले.) सलग रंग बांडेपणावर प्रभावी. आणि संपूर्ण पांढरेपणाची खूण दोन्हींकडून आली तर बाकीच्या सर्व रंगांवर झाकण पडते. आत काळा असो वा तांबडा, बाहेर दिसत नाही.

काळ्या, सलग, पण पोटात तांबडा व बांडेपणा बाळगणाऱ्या जोडप्याच्या सोळा पिल्लांत नऊ काळी सलग, तीन काळी बांडी, तीन तांबडी सलग आणि एक तांबडे बांडे असा हिशेब निघतो. मुलांनी चौसष्ट वेळा चिंचोके टाकले. तांबडी बांडी चार यावयास हवी होती, आली सात. ‘नियम खोटा आहे,’ असे एकाने जाहीर केले. आम्हाला त्याचा तो रोखठोकपणा आवडला, आणि त्यामुळेच ब्रनो शहरातील त्या मठाच्या बागेत शिरावयास वाट मिळाली.

फादर ग्रेगोर मेंडेल हे शेतकऱ्याचे पुत्र. जन्म १८२२ चा. १८४३ साली ते ब्रनोच्या संत थॉमस मठात, ऑगस्टिनियन संघात दाखल झाले. ब्रनो हे लोकरीच्या व्यापाराचे शहर. त्यांचे मठाधिपती नाप यांना मेंढ्यांच्या पैदाशीत जातीने रस होता, आणि आईबापांचे गुण पिल्लांत उतरतात ते कसे, हा प्रश्न त्या शहरात चर्चिला जात होता. मेंडेल यांनी प्रथम आपल्या खोलीत करडे व पांढरे उंदीर पाळले होते आणि धर्माध्यक्षांची नापसंती म्हणून ते बंद करून वाटाण्यांकडे वळले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. खरे असेल तर केसांच्या रंगाचे शास्त्र तेथेच जन्मास यावयाचे, ते उंदरांच्या वासामुळे लांबले असे म्हणावे लागेल! १८५६ पासून आठ वर्षे ते वाटाणे मोजीत होते. सुमारे अठ्ठावीस हजार रोपे त्यांच्या हाताखालून गेली. शिक्षकाच्या परीक्षेत हे गृहस्थ १८५० साली नापास झाले होते, हे आम्ही आमच्या मुलांना आवर्जून सांगतो.

मोजणीतले आकडे पाहा. जांभळ्या फुलांची झाडे ७०५, पांढऱ्या फुलांची २२४. गोल दाणे ५,४७४, सुरकुतलेले १,८५०. तीनास एक हे प्रमाण कोठेही बरोबर पडलेले नाही. जवळ आलेले आहे. मोजणी जितकी मोठी तितके जवळ. चौसष्ट चिंचोक्यांत चाराऐवजी सात आले याने नियम मोडत नाही. दैव लहान घरात असेच खेळते. एक काळी बाजू पडली म्हणून पुढच्या वेळी पांढरी पडण्याचा हक्क निर्माण होत नाही. चिंचोक्याला आठवण नसते. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज लागणार आहे.

१८६५ सालच्या फेब्रुवारीत व मार्चमध्ये मेंडेल यांनी आपला निबंध ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचला. १८६६ साली तो छापला गेला आणि विसरला गेला. १८६८ पासून मठाधिपतिपद व १८८४ साली मृत्यू. १९०० साली तीन वनस्पतिशास्त्रज्ञांना तो निबंध पुन्हा सापडला, आणि दोनच वर्षांत फ्रान्समधील ल्युसियां क्युएनो यांनी दाखवून दिले की, उंदरांच्या केसांचा रंगही वाटाण्यांच्याच कायद्याने चालतो.

मेंडेलच्या आधी हा प्रश्न ज्याने पोटासाठी हाताळला त्याची कथा आपण सर्वांनी बालपणापासून ऐकलेली आहे. उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात याकोब आपल्या सासऱ्याशी, लाबानाशी, मजुरीचा करार करतो: कळपातील ठिपकेदार व बांडी शेळ्या-मेंढरे तेवढी माझी. लाबान हा व्यवहारात पक्का. तो तशी सर्व जनावरे त्याच दिवशी बाजूला काढून आपल्या मुलांच्या हवाली करतो आणि याकोबापासून तीन दिवसांच्या वाटेवर धाडून देतो. मागे राहिला तो एकरंगी कळप. आता याला ठिपकेदार करडू कोठून मिळणार? याकोब हिरव्या काठ्यांची साल सोलून त्यांवर पांढरे पट्टे काढतो, त्या पाणवठ्यावर उभ्या करतो आणि जनावरे त्यांच्यासमोर फळवितो. गर्भवतीने जे पाहावे ते बाळावर उमटते ही त्या काळची समजूत. आपल्याकडेही बाळंतपणाच्या खोलीत गोऱ्यागोमट्या बाळाचे कॅलेंडर टांगतात ते याच समजुतीने. पण पुढच्या अध्यायात एक गंमत आहे. याकोब आपल्या बायकांना स्वप्न सांगतो, त्यात काठ्या नाहीत. कळपावर चढणारे बोकड ठिपकेदार आहेत, असे त्याला देवदूत दाखवितो. लाबानाने ठिपकेदार बोकड तर आधीच नेलेले! मग दिसले ते कोणते? एकरंगी बोकडांच्या पोटात दडलेला ठिपका त्या स्वप्नात दिसला असे आम्हाला वाटते. हा आमचा तर्क आहे, टीकाकारांचा नव्हे. सेमिनरीत तो लिहिला असता तर गुण मिळाले नसते. तरीही लाबानाने डोळ्यांना दिसणारे डाग वेगळे काढले आणि न दिसणारे कळपातच सोडले, ही गोष्ट मजकुरात आहेच.

लपलेल्या रंगाचे आपल्या देशातील गाजलेले उदाहरण रीवा संस्थानचे. १९५१ साली तेथील महाराजांनी पांढऱ्या वाघाचा एक छावा पकडला व त्याचे नाव मोहन ठेवले. बेगम नावाच्या साध्या वाघिणीपासून त्याला झालेले सर्व बछडे पिवळे निघाले. पुढे राधा नावाच्या त्याच्याच मुलीशी त्याचा जोडा लावला, तेव्हा १९५८ साली चार बछडे झाले, चारही पांढरे. आजचे बहुतेक सारे पांढरे वाघ त्या घराण्यातले. २०१३ साली चिनी संशोधकांनी त्यामागचे जनुकही दाखविले. हे ऐकून वर्गातील मुली गंभीर झाल्या. बापाशी लेकीचा जोडा त्यांना मान्य नव्हता, आणि जनावराचा असला तरी चांगला नाही असे त्यांचे मत पडले. शास्त्राचेही मत फार वेगळे नाही. एकाच घरात तीच लपलेली खूण पुष्कळांजवळ असते. जवळच्या नात्यात जोडी जमली की अशा दोन खुणा समोरासमोर येतात. रीवाच्या त्या घराण्यात काही व्यंगे आली ती या जवळिकीतून. चर्चच्या विवाहविषयक कायद्यात रक्ताच्या नात्याची जी बंधने आहेत, त्यांचे हे एक कारण मुलांना सहज पटले.

मग सोनेरी वाघोकड आला. एका मुलीने कोणाला न विचारता भिंतीवर हळदीची बोटे उमटवून तो काढला. भिंतीवरच्या चित्राला हळद लागते ती लग्नाच्या चौकात, असे तिच्या आजीने दाराशी उभे राहून सुनावले. तरी तो पुसला गेला नाही. सोनेरीसाठी आम्ही क्युएनो यांचे पिवळे उंदीर उसने घेतले. त्यांच्या नजरेस १९०५ साली असे आले की, पिवळ्या उंदरांची जोडी लावली तर सर्व पिल्ले पिवळी कधीच होत नाहीत. आणि पिवळ्यांचे प्रमाण तीनास एक यावयाचे ते दोनास एक येते. पिवळी खूण एक असली तर कातडी सोन्यासारखी. दोन असल्या तर ते पिल्लू गर्भातच संपते. १९१० साली अमेरिकेत कासल व लिटल यांनी हे पक्के केले. भिंतीवर चार चौकोन काढले. एका चौकोनात काळा, दोन चौकोनांत सोनेरी, आणि चौथ्यात काय काढायचे? मुले थांबली. ज्या मुलीने हळद आणली होती तिने तो चौकोन मोकळा ठेवला आणि हात पुसत म्हणाली, ‘आमच्या घरात असे दोन आहेत.’

या मुलीविषयी ओळख पटेल असे काही लिहिणे योग्य नव्हे. तिची दोन धाकटी भावंडे वारली होती. अंग पिवळे पडणे, सांधे ठणकणे, वारंवार ताप, दोघांचेही तसेच. पहिल्याच्या वेळी भगताने दाणे पाहून मुलीच्या आत्येचे नाव घेतले. आत्या विधवा, भावाच्या आश्रयाला राहिलेली. भुताळी ठरलेल्या बाईचे पाड्यात काय होते हे या भागात काम केलेल्यांना ठाऊक आहे. ती रात्रीतून निघून दूरच्या पाड्यावर नात्यातल्या एका घरी जाऊन राहिली. दुसऱ्याच्या वेळी आत्या घरात नव्हती, तरी मूल गेले. या खेपेस सरकारी तपासणीत आईचे रक्त घेतले होते. ती सिकलसेलची वाहक निघाली. झाले! भुताळी बदलली. ‘दोष तिच्या रक्तात आहे, आमच्याकडे काही नाही,’ असे बाप म्हणू लागला. त्याने स्वतःचे रक्त दिले नव्हते आणि तो देणारही नव्हता.

सिकलसेल म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार. हिमोग्लोबिनच्या साखळीतील सहाव्या जागी एक घटक बदलतो, एवढाच मूळ दोष. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यातून वेदना, रक्तक्षय, कावीळ. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत झाली. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरही तो आहे. खूण एक असली तर माणूस वाहक, स्वतः सहसा धडधाकट. दोन असल्या तर आजारी. आणि एका खुणेला एक वरदानही आहे: मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून ती लहान मुलांचे पुष्कळसे रक्षण करते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखविले. ज्या रानांत हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारली त्या रानांत ही खूण टिकली ती या कारणाने. सोनेरी वाघोकडासारखेच; एक खूण उपकाराची, दोन घाताच्या. अशा वेळी तिला दोषी रक्त म्हणणे आम्हाला कृतघ्नपणाचे वाटते. ज्या पूर्वजांनी ती दिली ते तिच्यामुळेच जगले असतील.

सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे ध्येय. काम चांगले आहे. तपासणीनंतर हाती कार्ड मिळते आणि लग्न जुळविताना दोन्ही बाजूंची कार्डे पाहावीत असा सल्ला दिला जातो. यातही आम्ही एक पथ्य पाळतो. विवाहपूर्व तयारीला येणाऱ्या जोडप्यांना आम्ही रक्त तपासण्यास सांगतो, परंतु कार्डाची पत्रिका होऊ देत नाही. वाहक मुलीचे लग्न खूण नसलेल्या मुलाशी झाले तर एकही मूल आजारी होणार नाही. मग तिला नाकारायचे कशासाठी? दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक आजारी असण्याचा संभव, दोन वाहक, एक मोकळे. हे त्यांनी आधी जाणावे आणि डॉक्टरांशी बोलावे. येथे चिंचोक्याला आठवण नसते हे सांगावे लागते. एक मूल गेले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब मनात धरून बसलेल्या आया आम्ही पाहिल्या आहेत. प्रत्येक वेळी चिंचोका नव्याने पडतो. आजार ठरला तरी आज हायड्रॉक्सीयुरियासारखी औषधे आहेत, लसी आहेत. वेळेवर कळले तर मूल वाढते.

त्या मुलीला हे सारे आम्ही सांगितले नाही. तिने ते भिंतीवर आधीच मांडले होते. आम्ही रंगांच्या जागी आजाराचे नाव घातले तेवढेच. तिने दोन वाहक वाघोकडांचा तक्ता केला. मग एक वाहक आणि एक मोकळा असा दुसरा तक्ता केला, चारही पिल्ले तपासली आणि आजारी एकही सापडेना तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजली. ‘फादर, एकटी आई असली तर होतच नाही?’ होत नाही, असे आम्ही म्हणालो. ‘आणि आत्या?’ तक्त्यात आत्येला जागाच नव्हती. ती भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिली.

पुढच्या रविवारी बाप आला, मुलीने ओढून आणला म्हणून. भातलावणीचे दिवस, पोटऱ्यांना चिखल वाळलेला. तो आत आला नाही, पडवीच्या कडेला टेकला. मुलीने त्याच्यापुढे चिंचोके ठेवले आणि त्याला वाघोकडाचा नर केले, स्वतः मादी झाली. ‘बा, तू मोकळा हाएस असं धर. आता टाक.’ त्याने पुष्कळ वेळा टाकले. आपण मोकळे असलो तर आजारी पिल्लू येतच नाही, हे शेवटी त्याने स्वतःच उच्चारले. मुलीने काही म्हटले नाही. त्याने चिंचोके पुन्हा टाकले, या वेळी कोणी सांगितले नसताना. मग उठला. आम्ही चहाला थांब म्हटले, तो थांबला नाही.

रक्त द्यायला तो गेला तो आवणी उरकल्यावर, आमच्याबरोबर नव्हे, बायकोबरोबर. अहवाल जो यावयाचा तोच आला. कार्ड त्याने आधारकार्डाच्या पाकिटात ठेवले आहे. मुलीच्या आईला विचारले, घरात आता काय म्हणतात? ती म्हणाली, ‘काय म्हणत नाहीत.’ मुलीची स्वतःची तपासणीही झाली. तिचे कार्ड कोणते ते आम्ही येथे लिहिणार नाही, लग्नाच्या वेळी तिने ते कोणाला दाखवावे हे तिचे तिने ठरवायचे आहे. आत्या पाड्यात परत आलेली नाही. भगताचा शब्द एका कार्डाने उठत नाही, आणि ज्यांनी तिला हाकलले त्यांच्यापैकी कोणी चिंचोके टाकलेले नाहीत. मात्र दिवाळीत, वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी, भाऊ तांदळाचे पीठ व एक बांडे करडू घेऊन तिच्याकडे गेला होता, असे मुलीने सांगितले. करडू कोणाच्या बोकडाचे, असे बाकीच्या मुलांनी लगेच विचारले.